टर्बोच्या पाठीवरचा डाग

कोकणातल्या माणसाला घोयऱ्याची राखण करायला ठेवायचं, ह्याहून मोठी थट्टा त्या जुलैत अख्ख्या बहारीनमध्ये झाली नसेल! घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा सरडा. गुहागरकडे झाडावर दिसला तर पोरं चपला तिथंच टाकून घर गाठतात. अंगावर फुंकला की माणूस खलास, ही विठ्ठलच्या बायकोची, मथुराची, लहानपणापासूनची पक्की समजूत. आणि विठ्ठल काय करून बसला? तीन आठवडे एका घोयऱ्याला खाऊपिऊ घालायचं कबूल करून बसला!

"तुमचं डोकं फिरलंय काय वो?" मथुरा फोनवर ओरडली. "तिकडं एवढे एसी दुरुस्त करता, तेवढं पुरत नाय?"

पण नाही म्हणणार कसा? चार वर्षांपूर्वी सनद भागातल्या एका फ्लॅटमध्ये विठ्ठल एसी दुरुस्त करायला गेला होता. शिडीवर चढून झाकण उघडलं, आतली माती बघून तोंडातून "आई गं, काय हा चिखल!" निघालं, आणि खालून हेमावहिनी जवळजवळ टाळ्या वाजवत आल्या, "अहो, तुम्ही मराठी?" त्या दिवशी शिडीवरून उतरला तो थेट जेवणाच्या टेबलावर. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी जेवायला तिथंच. वहिनींचे यजमान चंद्रशेखरसाहेब मूळचे पुण्याचे, अस्करकडे अल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनीअर. बोलणं मोजकं, पण वाढायला सांगणार आग्रहानं. कंपनीच्या खोलीत सहाजणांत झोपणाऱ्या विठ्ठलला परमुलखात एक घर मिळालं होतं, ते हे.

अथर्व त्यांचा एकुलता एक, अकरा वर्षांचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. तो हिरवागार, डोक्यावर उंच टोप घातल्यासारखा घोयरा त्याचा. नाव टर्बो! एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाईपर्यंत आपला चहा पिऊन व्हावा अशी चाल, आणि नाव टर्बो. मुलांचं डोकं, दुसरं काय.

सगळे पुण्याला लीव्हवर निघाले तेव्हा अथर्वनं फ्रिजवर कागद चिकटवला. रोज आठ रातकिडे. पाण्याचा फवारा सकाळ-संध्याकाळ. उबेचा दिवा सात ते सात. एसी सव्वीसवर. शेजारी चित्रंसुद्धा काढली होती. लिफ्टच्या दारात त्यानं विठ्ठलचा हात धरला.

"काका, प्रॉमिस?"

"प्रॉमिस! तू आलास की तुझा टर्बो तुला असाच्या असा मिळेल."

साहेबांनी किल्ली हातावर ठेवली. "दुसऱ्या कुणावर सोडून गेलो नसतो, विठ्ठलराव," एवढंच म्हणाले. विठ्ठलची छाती दोन इंच फुगली.

पहिले दोन दिवस तो पिंजऱ्यापासून चार हात लांब उभा राहून रातकिडे आत टाकायचा. तिसऱ्या दिवशी टर्बोनं जीभ काढली. बाप रे बाप! अंगाहून लांब जीभ, सट्कन सुटली आणि रातकिडा गायब. विठ्ठल एवढ्यांदा ओरडला की शेजारच्यांनी भिंत ठोकली. त्यानं लगेच मथुराला व्हिडिओ कॉल लावला, पुन्हा रातकिडा टाकला, पुन्हा सट्ट! मथुरानं पदर तोंडावर घेतला आणि पदराआडून म्हणाली, "अजून एकदा टाका बघू."

आता खरी गंमत सांगतो, म्हणजे गंमत कसली, मूर्खपणा. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते. विठ्ठल सकाळभर गच्च्यांवर एसीच्या मशीनी खोलायचा, बाराला घामानं निथळत साहेबांच्या फ्लॅटवर यायचा. डोकं तापलेलं, अंग तापलेलं, जिभेला कोरड. आणि समोर फ्रिजवरचा कागद काय म्हणतो? एसी सव्वीस! विठ्ठलला टर्बोची दया आली. एवढ्या उन्हाळ्यात सव्वीस? वर आणखी डोक्यावर दिवा? भाजून निघत असेल बिचारा! साहेब निघायच्या आधीच त्यानं एसी स्वतः धुऊन चकाचक केला होता. बटण दाबलं आणि अठरावर आणून ठेवला. पहिल्या दिवसापासून, चोवीस तास.

खरं तर इथं कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण घरात होतं कोण?

टर्बो हिरव्याचा काळपट तपकिरी झाला. विठ्ठल म्हणाला, वा, रंग बदलला! टर्बो सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन, पाठ वरच्या जाळीला टेकवून बसायला लागला. विठ्ठल म्हणाला, वा, मजेत आहे, माळ्यावर चढून बसलाय! वर त्या दिवसांचे फोटो अथर्वला पाठवले. पुण्यातल्या गडबडीत पोरानं अंगठा दाखवला आणि झालं.

नवव्या दिवशी दुपारी विठ्ठल आत आला आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली सुटली. टर्बोच्या अंगावर पांढरे चट्टे! पायांवर, मानेवर, टोपावर, जणू घराच्या भिंतीला पोपडे धरलेत. कोड फुटलं! पोराचा जीव ह्या जनावरात, आणि आपण त्याला रोग लावला!

"मथुरा! अगं बघ, हा गेला!"

मथुरानं फोन डोळ्यांजवळ नेला. गेल्या आठवड्यात तिची भीती पार पळाली होती; पदर कधीच खाली आला होता. "जवळ न्या. अजून जवळ. अवो, कात टाकतोय तो! सापसरड्यांनी कात टाकलेली कधी बघितली नाय काय?"

"कात?"

"कात! आणि हात लावू नका. आपोआप सुटूंदे. ओढलीत तर खालची कच्ची कातडी निघंल."

विठ्ठल चिमटा घेऊन तयारच होता. त्यानं तो गुपचूप टेबलावर ठेवला आणि आनंदानं नाचायचंच बाकी ठेवलं. कात! नवं अंग घेतोय पठ्ठ्या! त्यानं फवारा दोनदाचा चारदा केला. दोन दिवसांत पायांवरचे पापुद्रे पडले, मग मानेवरचे, टोपावरचे. खालून ताजी कातडी निघाली. विठ्ठल एकेका पापुद्र्याचा फोटो मथुराला पाठवत होता आणि मथुरा तो शेजारणींना दाखवत होती.

एक जागा सोडून. पाठीचा उंचवटा जिथं जाळीला टेकायचा, तिथली कात काही सुटेना. विठ्ठलनं मोबाईलची बॅटरी लावली, नाक जाळीला टेकवलं. ती कात नव्हतीच. नखाएवढा पिवळट तपकिरी डाग, वर खपली, आणि कडेला ओलसर लाल.

असा डाग त्यानं कुठं बघितला होता, हे आठवायला त्याला क्षणही लागला नाही. तांब्याच्या नळ्यांना झाळकाम करताना त्याच्या मनगटावर असे तीन उमटले होते. आधी पिवळट, मग खपली, कडेला लाल. टर्बो भाजला होता!

पण भाजला कशानं? आता विठ्ठलमधला मेकॅनिक जागा झाला. तो धावत खाली गेला आणि पिकअपमधून तापमान मोजायची बंदूक घेऊन आला. नेम धरायचा, चाप ओढायचा, आकडा दिसतो. पिंजऱ्याच्या मधोमध नेम धरला, एकोणीस. खालची फांदी, साडेअठरा. एसीच्या तोंडापासून येणाऱ्या झोतात हात धरला, तर झोत सरळ पिंजऱ्यावर पडत होता. मग वरच्या जाळीवर दिव्याखाली नेम धरला. एकसष्ट!

विठ्ठल तिथंच फरशीवर बसला. सगळं लख्ख झालं. खाली थंडी, वर आग. बिचारा कुडकुडत होता! कुडकुडत होता म्हणून काळा पडला, कुडकुडत होता म्हणून दिव्याला चिकटून बसला, आणि ऊब घेता घेता पाठ भाजून घेतली. आणि आपण त्याला म्हणत होतो, मजेत आहे. बहारीनमध्ये जुलैत कुणाला थंडी वाजत असेल, हे गच्चीवर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात यायचं कसं? पण कागदावर लिहिलं होतं की! सव्वीस, एवढं मोठं लिहिलं होतं!

त्यानं एसी सव्वीसवर नेला, आणि अथर्वच्या कागदावर खाली लिहिलेल्या दवाखान्याच्या नंबरला फोन केला. बुदैया भागातला जनावरांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, लगेच आणा. त्यानं टर्बोला फांदीसकट एका खोक्यात ठेवलं आणि खाली धावला.

कंपनीतला पिकअपचा ड्रायव्हर वकार खाली सावलीत झोपला होता. "उठ, वकारभाई, यल्ला, चल लवकर! पेशंट आहे!"

वकारनं खोक्यात डोकावून बघितलं. आतून एक डोळा त्याच्याकडे आणि दुसरा विठ्ठलकडे बघत होता. "या अल्ला," वकार म्हणाला, पण गाडी अशी हाणली की बुदैयाच्या रस्त्यावरच्या खजुरीच्या बागा भरभर मागं पळायला लागल्या. विठ्ठलनं खोकं पोटाशी धरलं होतं. गाडीतला एसी बंद करायला लावला. वकार घामानं चिंब होऊन हिंदीत शिव्या घालत होता आणि दर सिग्नलला विचारत होता, "जिंदा है ना?"

डॉक्टर अलिना केरळच्या, तरुण, हिंदी मोडकीतोडकी पण हात एकदम स्थिर. त्यांनी टर्बोला फांदीसकट टेबलावर घेतलं, भिंगानं डाग बघितला.

"कातीला हात नाही लावला, शाब्बास. तेलबिल नाही ना चोपडलं?"

"नाही, मॅडम."

"शाब्बास. भाजलंच आहे. अजून वरवर आहे, पण कडेनं जंतू शिरायला लागलेत. चार दिवस उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. खातोय?"

विठ्ठलच्या लक्षात आलं की काल रातकिडे तसेच पिंजऱ्यात फिरत होते. "कालपासून नाही. एसी मीच अठरावर ठेवला होता, मॅडम, चूक माझीच."

त्यांनी डाग मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुतला, पांढरं मलम लावलं आणि त्याची ट्यूब विठ्ठलच्या हातात दिली. दिवसातून दोनदा, कापसानं, खपली न ओढता. मग विचारलं, "दिवा किती उंचावर आहे? फांदीपासून?"

"चार बोटं."

"चार बोटं?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "वीतभर तरी हवा. तो कुणी लावला?"

"असाच होता, मॅडम."

"मग नुसतं तुमच्या एसीवर कशाला घेता? दिवा एवढा खाली असेल तर मालकाचीही चूक आहे. त्यांना सांगा."

वाटेत वकार म्हणाला, बस, सुटलास! दिवा साहेबाचा, दोष साहेबाचा, तू बोलूच नकोस एसीचं. विठ्ठलनं ऐकलं. मोह झाला, खोटं कशाला बोला. चार वर्षांचं घर होतं ते. पण खोक्यात तो जीव काळाठिक्कर होऊन बसला होता, आणि त्याला गार केलं होतं विठ्ठलच्याच बोटानं. दिवा कुणी कसाही लावो. सव्वीसचे अठरा कुणी केले?

फ्लॅटवर येऊन त्यानं दिवा वर घेतला, वीत मोजून. मग पुण्याला फोन लावला. साहेब, वहिनी, अथर्व तिघं समोर. विठ्ठलनं एका दमात सगळं सांगितलं. एसीचं सांगितलं, डागाचं सांगितलं. दिव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

अथर्वचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि उठून निघूनच गेला.

"कागदावर लिहिलं होतं," साहेब म्हणाले.

"होय, साहेब."

"आम्ही येईपर्यंत बघा. आलो की किल्ली परत द्या."

बस. एवढंच. विठ्ठलला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. सकाळी कामावर जायच्या आधी मलम, संध्याकाळी मलम. हात हलू नये म्हणून कोपर पिंजऱ्याच्या कडेला टेकवायचा. टर्बो फिस्स करायचा, तोंड वासायचा, एकदा तर बोटाला चावलासुद्धा. विठ्ठल म्हणाला, चाव बाबा, तुझा हक्कच आहे. फ्लॅटवर असला की सारखी बंदूक रोखून आकडा बघायचा. दुपारी स्वतः स्वयंपाकघरात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा, पण एसीला हात नाही! रंग हळूहळू परत हिरव्याकडे वळला. कडेची लाली ओसरली. डाग वाळला. पण खाईना. चार दिवस, पाच दिवस, रातकिडे फिरताहेत आणि हा बघतोय. मथुरा रोज विचारायची, "खाल्लं?" आणि विठ्ठल मान हलवायचा.

साहेब यायच्या दिवशी सकाळी त्यानं एक रातकिडा चिमट्यात धरला आणि फांदीसमोर नेला. एक डोळा फिरला. मग दुसरा फिरला. दोन्ही डोळे रातकिड्यावर आले! टर्बो पुढं झुकला, तोंड किंचित उघडलं, आणि सट्ट!

"खाल्लं! मथुरा, खाल्लं गं खाल्लं!" विठ्ठल नाचत होता, फोन हातात उलटा होता, आणि मथुराला नुसतं छत दिसत होतं, तरी तीही तिकडं ओरडत होती. टर्बोनं एकामागून एक सहा फस्त केले. शेजारच्यांनी पुन्हा भिंत ठोकली. ठोका लेको, हवी तेवढी ठोका!

दुपारी बॅगा आल्या, माणसं आली. वहिनींनी "कसे आहात?" विचारलं, पण नजर साहेबांकडे होती. विठ्ठलनं न सांगताच किल्ली टेबलावर ठेवली. साहेबांनी नुसती मान हलवली. अथर्व कुणाकडे न बघता थेट खोलीत गेला. मलम कसं लावायचं ते दाखवायला विठ्ठल मागोमाग गेला.

पोरगा पिंजऱ्यासमोर उभा होता. डाग बघत होता, मग वर दिव्याकडे बघायला लागला.

"लॅम्प कुणी वर केला?" हे त्यानं चक्क मराठीत विचारलं.

"मी. डॉक्टर म्हणाल्या, चार बोटांवर होता तो फार खाली होता."

अथर्वनं पिंजऱ्याची कडा घट्ट धरली. इंग्रजीत, तुटक तुटक, त्यानं सांगितलं ते असं. दिवा आधी वरच होता. निघायच्या दिवशी सकाळी त्यानंच साखळी सोडून खाली घेतला. आपण नसलो की टर्बोला थंडी वाजेल, असं त्याला वाटलं. फोनवर विठ्ठलकाकानं भाजल्याचं सांगितलं तेव्हाच त्याला कळलं होतं. पण सांगायचा धीर झाला नाही.

विठ्ठलनं पटकन दाराकडे बघितलं आणि त्याच्या खांद्याला धरलं. "गप. एकदम गप. बोलू नकोस हे कुणाला. माझं सांगून झालंय, साहेबांनी मला जे बोलायचं ते बोलून झालंय. तू कशाला उगाच पुढं येतोस?"

अथर्वनं नाक पुसलं. विठ्ठलकडे बघितलं. आणि त्याचा हात झटकून धावतच बाहेर गेला.

"बाबा, इट वॉज मी ऑल्सो! दिवा मी खाली केला!"

हॉलमध्ये सगळं त्यानं एका श्वासात ओकून टाकलं, आणि मग जे रडू फुटलं ते थांबेना. हेमावहिनी कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. "अरे देवा! एकाला वाटलं ह्याला थंडी वाजेल, एकाला वाटलं उकडेल, आणि दोघांच्या मायेत तो बिचारा भाजला!"

साहेब विठ्ठलकडे वळले. "दिवा खाली होता हे तुम्हाला माहीत होतं?"

"खाली होता हे माहीत होतं, साहेब. मला वाटलं, तुम्हीच तसा लावलाय."

"मग फोनवर बोलला नाहीत?"

"एसी तर मीच कमी केला होता ना."

"आणि आत्ता आत त्याला गप्प बसायला सांगत होतात. ऐकलं मी."

विठ्ठलची मान खाली गेली. एवढ्यात अथर्व आईजवळून उठला, हुंदके देत आला आणि विठ्ठलच्या शेजारी, अगदी खेटून, बापाकडे तोंड करून उभा राहिला. "काकानं सांगितलं," तो म्हणाला. "काकानं फोन करून सांगितलं. मी नाही सांगितलं."

विठ्ठलच्या आतून असा आनंद उसळला की हसू की रडू हेच त्याला कळेना.

चंद्रशेखरसाहेब खुर्चीतून उठले. दोघांसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी आधी विठ्ठलच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग मुलाच्या.